घर कुणाचे, मूल कुणाकडे?

राहण्याचा हक्क : कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५. घराची नोंद सासऱ्यांच्या नावे असली, तरी तिथे नांदलेल्या सुनेला राहण्याचा आदेश मिळू शकतो (सर्वोच्च न्यायालय, २०२०). हा निवाऱ्याचा हक्क, मालकीचा नव्हे.

अर्ज : सासर मुंबईत, पण बाई कशेडीला माहेरी राहते? मग माहेरच्या हद्दीतल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही चालतो.

मालमत्ता : घटस्फोटाने नवऱ्याच्या जमिनीत आपोआप निम्मा वाटा मिळत नाही. स्त्रीधन तिचेच. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत हिंदू मुलींना मुलाइतका हक्क : महाराष्ट्रात १९९४ (आधी लग्न झालेल्या वगळून), २००५ पासून विवाहितांनाही.

मूल : हिंदू कायद्यात पाच वर्षांखालचे सहसा आईकडे. निकष मुलाच्या हिताचा.