पावले मोजली, पण रक्तदाबाचे काय?

बंगळूरु, हैदराबाद किंवा गुरुग्राममधील अनेक बड्या कंपन्यांत आता कर्मचाऱ्यांच्या हृदयाची काळजी मोबाइलवरून घेतली जाते. दहा हजार पावलांची स्पर्धा, झोपेची नोंद, आहारतज्ज्ञाचा ऑनलाइन सल्ला आणि चांगली कामगिरी करणाऱ्यास बक्षीस, असे या कार्यक्रमांचे स्वरूप असते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, त्यांचा लाभ नेमका कोणाला होतो?

समस्या खरी आणि गंभीर आहे. ‘इंटरहार्ट’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ वर्षे आहे. इतर देशांत ते ५९च्या आसपास आहे. म्हणजे कुटुंब ज्या मिळकतीवर उभे असते, तीच ऐन नोकरीच्या वयात धोक्यात येते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) १५ वर्षे व त्यावरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष उच्च रक्तदाबाचे आढळले. हा विकार बहुधा लक्षणांविना वाढतो. मोजल्याखेरीज कळत नाही.

अशा स्थितीत स्वेच्छेने सहभागी होण्याच्या कार्यक्रमांकडून किती अपेक्षा ठेवावी? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, सहभागी होणारे मुळातच अधिक निरोगी होते आणि त्यांच्या उपचारखर्चात कार्यक्रमामुळे लक्षणीय फरक पडला नाही. २०१९ मध्ये तेथील एका किरकोळ विक्री साखळीच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतरही रक्तदाब, कोलेस्टेरॉल वा गैरहजेरी यांत लक्षणीय सुधारणा त्यात आढळली नाही. जो आधीच पहाटे धावतो, त्यालाच बक्षीस मिळते. रात्रपाळी करून थकलेला कर्मचारी ॲप उघडतही नाही.

याचा अर्थ तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा नव्हे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमा’ने त्याचा वेगळा वापर दाखवून दिला. ठरलेली मोजकी औषधे, त्यांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक भेटीतील रक्तदाबाची नोंद, हा त्याचा पाया. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांपैकी होते. अनेक केंद्रांत परिचारिका ‘सिंपल’ या ॲपवर औषधासाठी न आलेल्या रुग्णांची यादी पाहते आणि त्यांना फोन करते. येथे ॲप रुग्णाला उपदेश करत नाही. पाठपुराव्याची जबाबदारी व्यवस्थेवर टाकते. कार्यालयीन कार्यक्रमांत नेमका हाच भाग बहुधा नसतो.

दुसरी उणीव कामाच्या स्वरूपाशी निगडित आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांत ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. रात्री अकराला बैठक लावणाऱ्या कंपनीने सकाळी पुरेशा झोपेचा संदेश पाठवणे, ही विसंगती कोणतेही ॲप दूर करू शकत नाही.

तिसरा मुद्दा गोपनीयतेचा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्यविषयक माहितीसाठी स्वतंत्र, अधिक कडक वर्ग नाही. उलट नोकरीशी संबंधित काही प्रयोजनांसाठी मालकास संमतीविना माहिती वापरण्याची मुभा आहे. आपला रक्तदाब बढतीच्या आड येईल, अशी भीती असलेला कर्मचारी तो लपवणारच.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२०च्या संहितेत ठरावीक कर्मचाऱ्यांसाठी मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. तिच्या नियमांत तीन अटी जोडता येतील: दोष आढळल्यास उपचारापर्यंतचा पाठपुरावा, वैयक्तिक अहवाल मालकाच्या हाती न जाण्याची हमी, आणि कंत्राटी कामगारांचा समावेश. कार्यक्रमाचे यशही किती जणांनी ॲप उतरवून घेतले यावर नव्हे, तर किती जणांचा रक्तदाब वर्षभरानंतर आटोक्यात राहिला यावर ठरावे. हा आकडा मागण्याचे काम सरकारचे आहे, तसेच कामगार संघटनांचेही.