एमएससीआयटीनंतरची पंचवीस वर्षे: महाविद्यालयीन डिजिटल साक्षरतेचा मागोवा

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक वापरता यावा, ही अपेक्षा महाराष्ट्रात अभ्यासक्रमात मूळ धरण्याआधीच नोकरीच्या जाहिरातीत आली. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम लवकरच तालुक्या-तालुक्यांत पोहोचला. शासकीय भरतीत त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, तसे कला आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थीही संगणकासमोर बसू लागले. शिकवणी मराठीतून आणि शिकणे हाताने करून, हे या अभ्यासक्रमाचे बलस्थान. मात्र शिकवले जायचे ते पत्र टाइप करणे, तक्ता मांडणे, ई-मेल पाठवणे. सापडलेली माहिती खरी कशावरून, ती कोणाची, तिचा उल्लेख कसा करायचा, हे प्रश्न महाविद्यालयांवर सोडलेले राहिले आणि महाविद्यालयांनीही ते फारसे उचलले नाहीत.

पुढच्या टप्प्यात भर पडली ती आशयाची. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल हा व्याख्यानांचा प्रकल्प २००३ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाने पैसा आणि जोडणी पुरवली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली आणि त्यातून ‘शोधगंगा’ हे भांडार उभे राहिले. नागपूरचा प्रबंध कोल्हापुरात वाचता येऊ लागला. उचलेगिरीही उघडी पडू लागली. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याच्या पायऱ्या ठरवल्या: दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. यातून संदर्भ देण्याची शिस्त यायला हवी होती. अनेकांनी आत्मसात केली ती शब्द बदलून टक्का खाली आणण्याची कला.

यंत्र हातात दिले की साक्षरता आपोआप येते, या समजुतीचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे ‘आकाश’. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत या टॅबलेटचे अनावरण झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांत पडत होता. सात इंची पडदा, २५६ एमबी रॅम, संथ प्रोसेसर आणि लवकर उतरणारी बॅटरी. किंमत हीच बातमी होती. त्यावर विद्यार्थ्याने नेमके काय करायचे, याची चर्चा त्या मानाने नगण्य. वर्षभराने सुधारित आवृत्ती आली. आयआयटी मुंबईने अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांची प्रशिक्षणे त्याला जोडली, हा या साऱ्या प्रकरणातला शहाणा भाग. पण तोवर बाजारातले स्वस्त स्मार्टफोन पुढे निघून गेले होते.

त्याच आयआयटीतला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प गाजला कमी, टिकला जास्त. साधारण दहा मिनिटांचा एकेक धडा. विषय लिनक्स, लेटेक, पायथन, लिबरऑफिस अशी मुक्त सॉफ्टवेअरे. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर धडा ठेवायचा, उरलेल्या अर्ध्यावर तीच कृती लगेच करून पाहायची. संहिता ध्वनिमुद्रणाआधी नवख्या माणसाला दाखवून तपासली जाते. बोलणे मराठीसह अनेक भारतीय भाषांत, पण पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच, कारण नोकरीत समोर येणार तोच. धडे इंटरनेटशिवायही चालत असल्याने जोडणी नसलेल्या महाविद्यालयांची सोय झाली. या वाटचालीत विद्यार्थ्याच्या अडचणीपासून सुरुवात करणारे प्रयत्न थोडे. हा त्यांतला एक.

२०१६ पासून मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांचा पहिला संगणक म्हणजे फोन ठरला. जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ सुरू झाले. त्यावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा होती. २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. व्याख्यान फोनवर पाहता येते, पण वीस पानांचा प्रकल्प-अहवाल त्यावर लिहिणे जिकिरीचे. ऐकण्या-पाहण्याची सवय वाढली, लिहिण्या-रचण्याची मागेच राहिली.

ही साधनांची दरी २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत सर्वांना दिसली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडे संगणक आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेट होते. शहरांत हे आकडे २३.४ आणि ४२ टक्के. या पायावर तासिका ऑनलाइन गेल्या. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्टच्या निकालानंतर राज्यातील विद्यापीठांनी त्या मुख्यतः बहुपर्यायी प्रश्नांवर ऑनलाइन उरकल्या. नोट्सचे पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरले. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही मीटिंगला जोडून घेणे, पाने स्कॅन करणे, वेळेत अपलोड करणे काही आठवड्यांत शिकले. इतक्या वेगाने इतके लोक एरवी शिकले नसते, हे मान्य करावे लागते. पण ते शिक्षण यंत्रापुरते होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि २०१८ च्या नियमांचा आधारच डळमळला. ते नियम आधी लिहिल्या गेलेल्या मजकुराशी साम्य मोजतात. यंत्राने नव्याने रचलेल्या उताऱ्यावर ती मोजपट्टी फारशी चालत नाही. यंत्राचे उत्तर बरोबर आहे का, त्याने दिलेला संदर्भ अस्तित्वात आहे का, हे तपासण्याचे कौशल्य आता वैकल्पिक राहिलेले नाही. ते विद्यार्थ्यात आले की नाही, हे पाहायला तोंडी परीक्षा, कच्चे मसुदे आणि वर्गात लिहून घेतलेला मजकूर ही जुनी साधनेच अधिक उपयोगाची आहेत. ती वापरायची तर प्रत्येक विद्यार्थ्याला वेळ देणारे शिक्षक हवेत, म्हणून त्यांची रिक्त पदे आधी भरावी लागतील.