लुना घाटात बंद का पडते? प्लगचा रंगच सांगतो इंजिनाचं दुखणं

बीड : मागे दुधाचे कॅन, समोर मांजरसुंब्याचा घाट आणि मध्येच बंद पडलेली जुनी लुना. अशा वेळी अनेक जण थेट इंजिन खोलायला सांगतात. मात्र बहुतेक वेळा दोष ठिणगी, पेट्रोल किंवा हवा या तीनपैकी एकात असतो. त्याच क्रमाने तपासणी केली तर खर्च वाचतो.

लुना म्हणजे नेमकं काय?
शेजारच्या अहमदनगरमधील (आताचे अहिल्यानगर) कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना बाजारात आणली. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणि सायकलसारखे पायडल अशी तिची रचना. या इंजिनात वेगळं ऑइल चेंबर नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइलच पिस्टनला वंगण पुरवतं.

प्लग काय सांगतो?
- कॉफीसारखा तपकिरी : मिश्रण योग्य.
- काळा, ओला : पेट्रोल किंवा ऑइल जास्त, एअर फिल्टर धुळीने भरलेला किंवा ठिणगी कमजोर.
- पांढरट : पेट्रोल कमी, हवा जास्त. इंजिन तापून जाम होण्याचा धोका.

ठिणगी पाहताना प्लग कॅपला लावून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा आणि पायडल मारा. निळी ठिणगी हवी. आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं.

ठिणगी ठीक, तरी गाडी ओढत नाही?
कार्बोरेटरचा जेट उघडून पेट्रोलने धुवा आणि हवा मारा. तार घालू नका, छिद्र मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. त्यानंतर सायलेन्सर पाहा. आत कार्बन साचला की धूर बाहेर पडत नाही आणि चढावर ताकद कमी होते.

ऑइल किती?
कंपनीच्या पुस्तिकेतलं प्रमाणच पाळा. लिटरमागे २० मिलि म्हणजे १:५०, तर ४० मिलि म्हणजे १:२५. धूर कमी व्हावा म्हणून ऑइल कमी करणं महागात पडतं. घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद ठेवली तर पेट्रोलसोबत ऑइलही थांबतं, म्हणून अधूनमधून थोडी थ्रॉटल द्या.

ई-२० पेट्रोलने काय बदललं?
इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रणात हवेचं प्रमाण वाढल्यासारखं होतं. नव्या गाड्यांतील सेन्सर ते सावरून घेतो, जुना कार्बोरेटर सावरू शकत नाही. इथेनॉल पाणीही शोषतं आणि जुने रबरी पाइप त्याने खराब होऊ शकतात. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा.

सायकलला इंजिन बसवायचंय?
मोटार वाहन कायद्यानुसार चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपर्यंतचं वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यापुढे नोंदणी, परवाना आणि विमा लागतो. सायकलचे ब्रेक मात्र इंजिनाच्या वेगासाठी बनवलेले नसतात. म्हणून इंजिनाआधी ब्रेक तपासा.