विहिरीचा वास गेला, म्हणजे तेल गेले का?



मागच्या उन्हाळ्यात चौसाळा गटाच्या बैठकीत एका सभासदांनी विचारले, "साहेब, आमची विहीर रस्त्याला लागून आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की रॉकेलसारखा वास येतो, पाऊस लागला की जातो. म्हणजे पाणी आपोआप सुधारलं म्हणायचं का?" त्यांना आम्ही "नाही" एवढेच सांगितले होते. का नाही, ते आज सविस्तर सांगतो.

चौसाळ्यावरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. महामार्ग म्हटला की पेट्रोल पंप आले, आणि पंपाची टाकी जमिनीत पुरलेली असते. पंप बंद पडला की वरचे यंत्र जाते, खोली पडते. पण खालची टाकी काढली नाही तर तशीच राहते. जुनी लोखंडी टाकी ओल्या मातीत गंजते. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटरच्या वर तेल जमिनीत मुरते आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही. आपल्याकडे असेच झाले आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण वास आला तर शंका घ्यावी.

आपल्या भागात मातीखाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. पेट्रोल, डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते भूजलाच्या पातळीवर तरंगते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की तेलही तिच्याबरोबर उतरते व मुरमाला माखत जाते. पावसाळ्यात पाणी चढते, तेव्हा बरेचसे तेल त्या मुरमातच पाण्याखाली अडकून पडते. विहिरीत नवे पाणी आल्याने वास कमी होतो. पुढच्या वैशाखात पातळी उतरली की अडकलेले तेल सुटून पुन्हा वर तरंगते. म्हणजे तेल गेलेले नसते, दडलेले असते.

तरंगणारे तेल निदान दिसते. खरा धोका पाण्यात विरघळणाऱ्या बेन्झिनचा. त्याने रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे. पेट्रोलमध्ये बेन्झिन जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ९ ग्रॅम. हिशेब करा: एवढे बेन्झिन जवळजवळ ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. वीस फूट व्यासाच्या विहिरीत तीस फूट पाणी असेल तर ते पावणेतीन लाख लिटर भरते. अशा तीन विहिरींना एक लिटर पेट्रोल पुरे! तुरटी किंवा टीसीएल पावडर टाकून बेन्झिन जात नाही. पाणी उकळले तर त्याची वाफ घरातच पसरते.

हे काही दूरदेशीचे नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्यात दाबोळीजवळ माटवे येथे विहिरींच्या पाण्यात पेट्रोलजन्य तेल आढळले. तेथे टाकी नव्हती, जमिनीखालची तेलवाहिनी होती; पण वाट तीच. अमेरिकेने अशा टाक्यांसाठी १९८४ साली कायदा केला आणि त्यानंतर तेथे गळतीची पाच लाखांहून अधिक ठिकाणे सापडली.

आता तपासणीचे. शंका असलेल्या जागेभोवती किमान तीन निरीक्षण बोअर घेऊन पाण्याची पातळी मोजतात. त्यावरून पाणी कोणत्या बाजूला वाहते ते कळते. एकाच नमुन्यावर भरवसा ठेवू नये. मे महिन्यात एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, असे वर्षाला दोन तरी घ्यावेत. नेहमीच्या क्षार तपासणीत बेन्झिन सापडत नाही, ते वेगळे सांगून तपासावे लागते. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवा न राहू देता भरतात आणि बर्फात ठेवून पाठवतात. म्हणून तो प्रयोगशाळेच्या माणसाकडूनच घ्यावा.

सफाईचा क्रमही ठरलेला आहे. आधी टाकी रिकामी करून, आतला वायू काढून ती उचलायची. मग तेलकट माती उपसायची, तरंगते तेल काढायचे, पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून न्यायचे किंवा जमिनीत हवा सोडायची. उरलेले तेल जमिनीतले जिवाणू खातात, पण त्याला प्राणवायू लागतो आणि वर्षे लागतात. येथे आपल्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याच मळीपासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. गळती झाली तर जिवाणू आधी इथेनॉल खातात, त्यात प्राणवायू संपतो आणि बेन्झिन जास्त लांब पसरते. म्हणून टाक्यांची काळजी आता अधिकच घ्यावी लागेल.

वास आला तर सभासदांनी एवढे करावे:

१. ते पाणी माणसांना आणि जनावरांना पाजू नये. उसालाही देऊ नये, तेलाने जमिनीतली हवा कोंडते.

२. मोटार बंद ठेवावी. "उपसून टाकू, साफ होईल" हा विचार अंगलट येतो. जोराचा उपसा भोवतालचे तेल आपल्याच विहिरीकडे ओढतो.

३. विहिरीत किंवा जुन्या टाकीत उतरू नये, जवळ विडी-काडी ओढू नये. वायूने जीव जातो.

४. तारीख, पाण्याची खोली आणि वास वहीत लिहून ठेवावा.

५. ग्रामपंचायत, तहसीलदार, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवून पोच घ्यावी.

शेतात डिझेलचे पिंप पुरून ठेवले असेल तर ते आजच बाहेर काढा.

प्रश्न विचारणाऱ्या सभासदांनी पिण्याचे पाणी दुसरीकडून आणायला सुरुवात केली आहे, वहीही घातली आहे. आणखी कुणाच्या विहिरीला असा वास येत असेल तर संकोच करू नका. गटाच्या शेतकी मदतनीसाला सांगा, आम्ही येऊन पाहू. ऊस एखादे वर्ष कमी आला तर पुढच्या वर्षी भरून निघतो. विहीर बिघडली तर ती सुधारायला पुष्कळ वर्षे जातात.

आपला,
ऊस विकास अधिकारी