युद्ध नको म्हणणाऱ्याचे मत : अमेरिकेची १९६८ ची निवडणूक



‘युद्ध आणि लोकमत’ या विषयावर बोलावे असे कार्यवाहांनी सुचवले, तेव्हा एवढा मोठा विषय एका संध्याकाळी कसा मावणार, असा प्रश्न मला पडला. म्हणून मी एकच देश, एकच युद्ध आणि मुख्यतः एकच निवडणूक घेतली आहे : अमेरिकेची १९६८ ची अध्यक्षीय निवडणूक आणि व्हिएतनामचे युद्ध. माझा प्रश्नही साधा आहे. चालू असलेले युद्ध थांबावे असे ज्या नागरिकाला मनापासून वाटते, त्याने मत कोणाला द्यावे? आणि त्या मताने युद्ध थांबते का?

आधी थोडी पूर्वपीठिका पाहू. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामचे तात्पुरते दोन भाग झाले. करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. करारातल्या सार्वत्रिक निवडणुका झाल्याच नाहीत. उत्तरेत कम्युनिस्ट सरकार आणि दक्षिणेत अमेरिकेच्या आधारावर उभे असलेले सरकार, असा संघर्ष पेटत गेला. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील घटनेचे निमित्त करून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काँग्रेसकडून लष्करी कारवाईचे मोकळे अधिकार मिळवले. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही पडले नाही. सिनेटमध्ये दोनच पडली, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग यांची.

त्याच वर्षी निवडणूक होती. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांची भाषा युद्धखोरीची, तर जॉन्सन संयमी, असे चित्र मतदारांपुढे उभे राहिले. आशियातल्या तरुणांनी करायची लढाई लढायला आपण अमेरिकन मुले पाठवणार नाही, अशा आशयाचे आश्वासन जॉन्सन यांनी प्रचारात दिले. त्यांना सुमारे ६१ टक्के मते मिळाली. मार्च १९६५ मध्ये मरीन दलाच्या पहिल्या लढाऊ तुकड्या दा नांगला उतरल्या आणि १९६८ च्या अखेरीस व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य पाच लाख तीस हजारांच्या पुढे गेले. ज्यांनी शांततेसाठी मत दिले होते त्यांच्या पदरात युद्ध पडले. पुढे जे घडले ते समजून घेताना ही फसगत विसरून चालणार नाही.

आता तिथली पद्धत पाहू, कारण आपल्याहून ती वेगळी आहे. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे ते पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि सरकारने विश्वास गमावला तर ते मुदतीपूर्वी पडू शकते. अमेरिकेत अध्यक्ष चार वर्षांसाठी पक्का असतो. धोरण कितीही अप्रिय झाले तरी त्यासाठी त्याला पायउतार करण्याची सोय नाही. मात्र निवडणुकीच्या वर्षी पक्षांतर्गत मतदान होते, त्याला प्रायमरी म्हणतात. त्या काळी थोड्याच राज्यांत प्रायमरी होत. बाकीच्या राज्यांतले प्रतिनिधी स्थानिक पुढारी ठरवत आणि शेवटचा निर्णय पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात होई. त्यामुळे सत्तेवरच्या अध्यक्षाला त्याच्याच पक्षातून जाब विचारायचा असेल, तर प्रायमरी हीच वाट होती.

युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी हीच वाट धरली. जॉन्सनना आव्हान देणारा उमेदवार ते शोधत होते. रॉबर्ट केनेडी यांनी सुरुवातीला नकार दिला. मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी तयार झाले आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली. स्वभावाने ते शांत आणि काव्यात रमणारे. ते काही करून दाखवतील असे फारसे कोणाला वाटत नव्हते. त्यांच्यासाठी काम करायला आलेल्या विद्यार्थ्यांनी दाढ्या काढल्या, केस कापले आणि नीटनेटके होऊन ते न्यू हॅम्पशायरच्या बर्फात घरोघर फिरले. घोषणा देऊन शेजाऱ्याचे मन वळत नाही, त्याच्या दारात उभे राहून बोलावे लागते, हे त्या मुलांना कळले होते.

जानेवारी १९६८ च्या अखेरीस ‘तेत’ या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात उत्तर व्हिएतनामचे सैन्य आणि दक्षिणेतले गनिमी यांनी दक्षिणेतल्या शहरांवर एकाच वेळी हल्ले चढवले. सायगावमधल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारातही ते घुसले. लष्करी हिशेबात हा हल्ला परतवला गेला. पण विजय जवळ आला आहे, असे जे सरकार महिनोन् महिने सांगत होते, त्याच्या शब्दाला किंमत उरली नाही.

१२ मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये मतदान झाले. जॉन्सन यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते. समर्थकांनी ते हाताने लिहायचे होते. त्यांना सुमारे ४९ टक्के आणि मॅकार्थींना ४२ टक्के मते पडली. गणिताने जॉन्सन जिंकले, पण सत्तेवरच्या अध्यक्षाला स्वतःच्याच पक्षात एवढा विरोध हा पराभवच मानला गेला.

या ४२ टक्क्यांचा अर्थ काय होता? तो शांततेचा कौल आहे, असे तेव्हा सर्वांनी म्हटले. मिशिगन विद्यापीठातील अभ्यासकांनी नंतर मतदारांच्या मुलाखती तपासल्या, तेव्हा वेगळेच आढळले. मॅकार्थींना मत देणाऱ्यांपैकी जे जॉन्सनच्या व्हिएतनाम धोरणावर नाराज होते, त्यांच्यात ‘सैन्य मागे घ्या’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘आणखी जोराने लढा’ म्हणणारेच जास्त होते, जवळजवळ तीनास दोन या प्रमाणात. म्हणजे एकाच पेटीत एकमेकांविरुद्धची मते पडली आणि बाहेर येताना त्यांना शांततेचे नाव मिळाले.

गोव्यात आणि कोकणात देवळात कौल लावतात, तेव्हा देवाला एका वेळी एकच प्रश्न विचारायचा असतो. निवडणुकीच्या कौलात एका मतात दहा प्रश्नांची उत्तरे कोंबलेली असतात आणि ती वेगळी काढता येत नाहीत. युद्धाला ‘नको’ म्हणणारेही तीन तऱ्हांचे होते. काहींना हे युद्ध अन्यायाचे वाटत होते. काहींना त्याची किंमत परवडेनाशी झाली होती. आणि काहींचे म्हणणे होते की जिंकायचे नसेल तर लढता कशाला? ऑगस्ट १९६८ च्या गॅलप पाहणीत प्रथमच निम्म्याहून अधिक अमेरिकनांनी सैन्य पाठवणे ही चूक होती असे सांगितले. पण चूक झाली हे मान्य असलेल्यांचे पुढे काय करावे यावर एकमत नव्हते.

तरी, अर्थ चुकीचा लागला म्हणून परिणाम चुकला नाही. चारच दिवसांनी केनेडी रिंगणात उतरले. लष्कराने आणखी दोन लाख सहा हजार सैनिक मागितले होते. ती मागणी मान्य झाली नाही. अध्यक्षांच्या ज्येष्ठ सल्लागारांपैकी बहुतेकांनी मार्चअखेर यातून बाहेर पडण्याचा सल्ला दिला. ३१ मार्चच्या दूरचित्रवाणीवरील भाषणात जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या बऱ्याच भागावरील बाँबफेक थांबवल्याचे सांगितले आणि शेवटी आपण पुन्हा उमेदवार होणार नाही असेही जाहीर केले. केवळ एका छोट्या राज्याच्या मतदानाने हे घडले असे मी म्हणणार नाही. प्रकृती, तेतचा धक्का, केनेडींचे आव्हान, सगळेच त्यात होते. पण युद्ध वाढतच जाणार ही दिशा तिथे थांबली. युद्धविरोधकांचे त्या वर्षातले सर्वांत मोठे यश नोव्हेंबरमध्ये नव्हे, मार्चमध्ये पदरी पडले.

त्यानंतर दुर्दैवाची मालिकाच सुरू झाली. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. बरोबर एक वर्षापूर्वी, ४ एप्रिल १९६७ रोजी, त्यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध भाषण केले होते. जूनमध्ये कॅलिफोर्नियाची प्रायमरी जिंकलेल्या रात्रीच केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ६ जूनला त्यांचा मृत्यू झाला. आणि डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली ती उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनी एकही प्रायमरी लढवली नव्हती.

ऑगस्टच्या शिकागो अधिवेशनात बाँबफेक बिनशर्त थांबवावी असा शांततेचा ठराव मांडला गेला. जवळपास १,५६७ विरुद्ध १,०४१ मतांनी तो फेटाळला गेला. त्याच संध्याकाळी बाहेर रस्त्यावर पोलिसांनी निदर्शकांना बडवून काढले आणि ते दृश्य घराघरांत दिसले. पुढे चौकशी अहवालाने त्याला पोलिसांची दंगल असेच नाव दिले.

आता शरद ऋतूतल्या त्या मतदारापुढे तिघे उमेदवार होते. हम्फ्री अध्यक्षांशी निष्ठेने बांधलेले. रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन सन्मानाने शांतता आणू म्हणत, पण कशी ते सांगत नसत. त्यांच्याकडे ‘गुप्त योजना’ आहे असे बोलले जाई, पण हे शब्द त्यांचे स्वतःचे नव्हते. तिसरे जॉर्ज वॉलेस. त्यांचे सहउमेदवार जनरल कर्टिस लमे यांनी पत्रकारांपुढे अण्वस्त्रांच्या वापराची भाषा केली. युद्ध थांबवा असे स्पष्ट म्हणणारा मोठा उमेदवार मतपत्रिकेवर नव्हता. शिवाय लढायला जाणाऱ्या पुष्कळ मुलांना मतच नव्हते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला सक्तीने सैन्यात नेता येई, पण चार राज्ये सोडली तर मतदानाचे वय एकवीस होते. आणि ज्यांच्या गावांवर बाँब पडत होते, त्या व्हिएतनामी माणसांना या मोजणीत जागा कुठली असणार!

शिकागोत मार खाल्लेल्या तरुणाला हम्फ्रींना मत देणे हा विश्वासघात वाटे. न द्यावे तर निक्सन येतात. दोन्ही बाजूंच्या माणसांकडे सचोटी होती, म्हणूनच त्यांच्यातले भांडण कडू झाले. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात हम्फ्रींनी अखेर शांततेसाठी बाँबफेक थांबवण्याचा धोका पत्करण्याची तयारी दाखवली आणि त्यांच्याकडचा ओघ वाढू लागला. सप्टेंबरमध्ये गॅलपच्या पाहणीत ते १५ टक्क्यांनी मागे होते. मॅकार्थींनी मात्र २९ ऑक्टोबरपर्यंत पाठिंबा दिला नाही आणि दिला तोही हातचा राखून.

३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी उत्तरेवरची बाँबफेक पूर्ण थांबवली. दोनच दिवसांनी दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिऊ यांनी पॅरिसच्या वाटाघाटींना यायचे नाकारले. निक्सन यांच्या गोटातून ॲना चेनॉल्ट यांच्यामार्फत थिऊंना थांबण्याचे निरोप जात होते, हे जॉन्सन यांना गुप्त माहितीवरून कळले होते. ते उघड मात्र केले गेले नाही. निक्सन यांनी इन्कार केला. त्यांचे सहकारी हाल्डमन यांच्या टिपणांतून त्यांचा हात असल्याचे जवळजवळ अर्ध्या शतकाने स्पष्ट झाले. थिऊ एरवीही आले नसते, असे मानणारे इतिहासकार आहेत. पण परराष्ट्र धोरणाच्या वादात मतदाराला जे दिसते ते किती थोडे असते, हे यावरून ध्यानात यावे.

५ नोव्हेंबरला निक्सनना ४३.४, हम्फ्रींना ४२.७ आणि वॉलेसना १३.५ टक्के मते मिळाली. राज्यशास्त्रज्ञ बेंजामिन पेज आणि रिचर्ड ब्रॉडी यांनी नंतर दाखवून दिले की, व्हिएतनामबद्दल मतदाराला काय वाटते याचा आणि त्याने हम्फ्री-निक्सन यांपैकी कोणाला मत दिले याचा फारसा संबंध लागत नाही. मतदार अडाणी होता असे नव्हे. दोघांच्या भूमिकांत त्याला फरकच दिसत नव्हता.

युद्ध चालूच राहिले. पॅरिसचा करार २७ जानेवारी १९७३ ला झाला. या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले, त्यांतले वीस हजारांहून अधिक निक्सन सत्तेवर आल्यानंतर. व्हिएतनामी मृतांची गणती लाखांत होते. मधल्या १९७२ च्या निवडणुकीत जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या रूपाने युद्धविरोधकांना हवा तसा उमेदवार मिळाला आणि तो पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये हरला.

मग सगळे व्यर्थच का? मला तसे वाटत नाही. शिकागोच्या लज्जेतून उमेदवारीचे नियम बदलले आणि प्रायमरी हा निवडीचा मुख्य मार्ग झाला. १९७१ मध्ये मतदानाचे वय अठरा झाले. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि त्याच वर्षी काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून अध्यक्षाच्या युद्धाधिकारांवर मर्यादा घालणारा कायदा केला. यांतली एकही गोष्ट नोव्हेंबर १९६८ च्या मतपेटीतून थेट निघाली नाही. मतदानाआधी आणि मतदानानंतर जे लोक बोलत राहिले, त्यांच्यामुळे त्या घडल्या.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. निवडणूक माणूस निवडते. युद्ध कसे संपवायचे हे ती सांगू शकत नाही. मत अवश्य द्यावे, कारण दोन अपुऱ्या माणसांतही फरक असतो आणि तो फरक दूरच्या कोणाच्या तरी जिवावर बेततो. पण मत देऊन आपले काम संपले असे समजू नये. १९६४ मध्ये शांततेला मत देणारे निश्चिंत होऊन घरी गेले. १९६८ च्या मार्चमध्ये बर्फात दारोदार फिरलेल्या मुलांना उमेदवार मिळाला नाही, युद्धही लगेच थांबले नाही. पण युद्ध वाढवणाऱ्याला पहिल्यांदा थांबून विचार करावा लागला, तो त्यांच्यामुळे.