लोकांनीं निवडलेला कायदे-अधिकारी

आपल्या देशांत भारत सरकारचा अॅटर्नी जनरल राष्ट्रपति नेमतात, व प्रत्येक राज्याचा महाधिवक्ता राज्यपाल नेमतात. या जागांसाठीं आपण मत द्यावें असें कोणाच्या स्वप्नींहि येत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र रीत निराळी आहे. तेथील ५० संस्थानांपैकीं ४३ संस्थानांत अॅटर्नी जनरल हा लोकांनीं मतें देऊन निवडावयाचा असतो. संस्थानातर्फें न्यायालयांत उभें राहणें, सरकारी खात्यांस सल्ला देणें, लबाड व्यापाऱ्यांपासून ग्राहकांचें रक्षण करणें, हीं त्याचीं कामें. गव्हर्नरानें नेमिलेला अधिकारी गव्हर्नराचाच मिंधा होईल. लोकांनीं निवडलेला लोकांस जबाबदार राहील, असा या पद्धतीमागील विचार आहे.

या मताची किंमत काय असते, हें अलाबामा संस्थानांतील एका हकीकतीवरून कळेल. चॅटाहूची नदीच्या कांठीं फिनिक्स सिटी नांवाचें गांव आहे. नदीपलीकडे जॉर्जिया संस्थानांत फोर्ट बेनिंगची मोठी लष्करी छावणी. शिपायांचा पगार लुबाडण्यासाठीं या गांवांत जुगाराचे अड्डे मातले होते, आणि कायद्याच्या कांहीं रक्षकांचेच हात त्यांत ओले होत असत. त्याच गांवचे वकील अल्बर्ट पॅटर्सन हे अड्डे मोडण्याचें वचन देऊन १९५४ सालीं अॅटर्नी जनरलच्या जागेसाठीं उभे राहिले. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी त्यांनीं थोडक्या मतांनीं जिंकली. त्या काळीं अलाबामांत ती मिळणें म्हणजे निवडून येण्यासारखेंच होतें. परंतु १८ जून १९५४ च्या रात्रीं, आपल्या कचेरीबाहेरच, त्यांस गोळ्या घालून ठार करण्यांत आलें.

मग मात्र सारें संस्थान खडबडून जागें झालें. गव्हर्नरानें लष्करी अंमल पुकारला, अड्डे बंद पडले, व खुनाबद्दल एका उपशेरिफास जन्मठेप झाली. पित्याच्या जागीं पुत्र जॉन पॅटर्सन उभे राहिले व निवडून आले.

गोष्ट येथेंच संपती तर गोड झाली असती. पण १९५६ सालीं याच जॉन पॅटर्सन यांनीं आपल्या अधिकाराचा उपयोग कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झगडणाऱ्या एका संस्थेविरुद्ध केला, व तिच्या सभासदांचीं नांवें मागितलीं. नांवें उघड होतीं तर कित्येकांची नोकरी जाती, प्राणांवरहि बेतलें असतें. संस्थेनें तीं दिलीं नाहींत. अखेर १९५८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तिच्या बाजूनें निकाल दिला. असें कां घडलें? अलाबामांतील बहुतेक कृष्णवर्णीयांस त्या काळीं मतदानापासून दूर ठेवलें जात असे. ज्यांचें मत नव्हतें, त्यांची पर्वा निवडून आलेल्या अधिकाऱ्यास वाटली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, यांतून दोन गोष्टी ध्यानीं येतात. निर्भय माणसास लोकांचें मत बळ देतें. पण तें मत सर्वांचें नसेल, तर तेंच बळ दुबळ्यांवर उलटतें. म्हणून मतपेटीइतकेंच निःपक्षपाती न्यायालयहि हवें. अठरा वर्षें पुरीं झालीं म्हणजे तुमच्याहि हातीं मत येईल. तें देतांना, ज्याचा आवाज कोणी ऐकत नाहीं अशा शेजाऱ्याचीहि आठवण ठेवा.