घडवलेला नाद, साठवलेला नाद

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही वरातीत बँडवाल्याने ‘नागिन’ची बीन धरली, की तोंडात रुमालाचं टोक धरून कोणीतरी पुंगी वाजवू लागतो आणि दुसरा त्याच्यासमोर फणा काढून डोलतो. ही बीन गारुड्याची नाही. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटासाठी, हेमंतकुमार यांच्या संगीतात, कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लाव्हिओलिनवर वाजवली. जोडीला रवी यांची पेटी होती. क्लाव्हिओलिन हे फ्रान्सच्या कॉन्स्तां मार्तां यांनी १९४७ च्या सुमारास बनवलेलं, व्हॉल्व्हवर चालणारं आणि एका वेळी एकच स्वर देणारं विजेचं वाद्य. त्यात कसलंही ध्वनिमुद्रण साठवलेलं नव्हतं. विजेच्या कंपनांतून स्वर निघायचा आणि कल्याणजींच्या बोटांनी त्याची बीन व्हायची. थोडक्यात, ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक नादावर मराठवाडा गेली सत्तर वर्षं नाचतो आहे. आज मात्र त्याच वरातीत तीच बीन कीबोर्डच्या यादीतून एक टोन निवडून वाजते. वाजवणारा तो टोन घडवत नाही, फक्त हाक मारून बोलावतो. मधल्या काळात नेमकं काय घडलं, याचा विचार केल्याशिवाय जुने ॲनालॉग सिंथेसायझर चांगले की संगणकातले सॉफ्टवेअर सिंथेसायझर चांगले, या जगभर चाललेल्या वादात आपल्याला धड भाग घेता येणार नाही.

तो वाद बहुतेक वेळा यंत्राच्या जातीवरून होतो. एका बाजूला लाकडी पट्ट्यांचं, खुंट्याखटक्यांचं, जुन्या ट्रान्झिस्टरचं वाद्य आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. मला ही विभागणीच चुकीची वाटते. खरी रेघ ओढायची तर ती घडवलेला नाद आणि साठवलेला नाद यांच्यात ओढायला हवी. ती तशी ओढली, की सॉफ्टवेअर सिंथेसायझर आणि १९७० चा मिनीमूग हा ॲनालॉग सिंथेसायझर एकाच बाजूला येतात. आणि ज्याला आपण ‘हार्डवेअर’ समजतो तो ऑर्केस्ट्रातला कीबोर्ड पलीकडे जातो.

जुन्या ॲनालॉग वाद्यात नाद कसा घडतो ते थोडं जवळून पाहू. मिनीमूगची पाटी डावीकडून उजवीकडे वाचत जावी अशी मांडलेली आहे. आधी कंपनं निर्माण करणारे ऑसिलेटर, मग त्यांचं मिश्रण करणारा मिक्सर, मग वरची आवर्तनं छाटणारा फिल्टर, शेवटी आवाजाची चढउतार. हा फिल्टर ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीसारख्या एकावर एक रचून केलेला आहे, आणि मूग सिंथेसायझरचे निर्माते रॉबर्ट मूग यांना त्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं. ऑसिलेटरला किती उंच गायचं हे सांगतो तो विजेचा दाब: एक व्होल्ट वाढवला की स्वर एक सप्तक वर. या व्यवस्थेत बारा घरं नाहीत. सा आणि रे यांच्यामध्ये विजेला कुठेही थांबता येतं. आपल्या संगीताच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) असतो, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर. हा १४ सेंटचा फरक ॲनालॉग ऑसिलेटरच्या भाषेत बारा मिलिव्होल्टपेक्षाही कमी आहे. दाब तेवढा उतरवला की गंधार जागेवर येतो. याच फरकावरून आपल्याकडे पेटीवर किती वादळ झालं, हे वाचकांना ठाऊक आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं, आणि ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे बावीस श्रुतींची पेटीच बनवली.

या वाद्यांचं आपल्या संगीताशी किती जमू शकतं, याचा सर्वांत ठोस पुरावा मुंबईतच तयार झाला. १९८२ मध्ये वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर ८, टीबी ३०३ आणि टीआर ८०८, एकत्र जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग त्यात आहेत. टीबी ३०३ हे यंत्र खरं तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची सोबत मिळावी म्हणून काढलेलं होतं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि आपल्या कानाला ती लगेच मींडेच्या जवळची वाटते. शिकागोमध्ये हेच यंत्र वापरून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार गाजला तो १९८७ पासून, म्हणजे पाच वर्षांनंतर. चरणजित सिंगांची तबकडी तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, आणि २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. त्यांच्याआधी, सत्तरच्या दशकात, वादक केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणला होता. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ पासूनच अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी उभारलेल्या स्टुडिओत मूगवर प्रयोग चालले होते. पण ही सगळी नावं मुंबई आणि अहमदाबादची आहेत. त्या यंत्रांच्या किमती आणि आयातीवरचे निर्बंध पाहता ती अंबाजोगाई, परळी, गेवराईपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

आपल्या भागात जे पोचलं ते दुसरंच होतं. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स ७ आला. तो पूर्णपणे डिजिटल होता, आणि त्यात नाद घडवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेलेच टोन वाजवले. मला तो क्षण निर्णायक वाटतो, कारण तिथून वाद्याची किंमत त्यात भरलेल्या टोनच्या संख्येवर ठरू लागली. पुढे स्मृती स्वस्त झाली, आणि खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे कीबोर्डमध्ये बसवले जाऊ लागले. आज लग्नाच्या मांडवात, जयंतीच्या मिरवणुकीत, देवीच्या जागरात जे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजतात, त्यांत बासरी, सनई, तबला, ढोलकी, संबळ, हलगी सगळं आहे. पेन ड्राइव्हवरून आणखी भरता येतं. या यंत्रांना हार्डवेअर म्हणणं नावापुरतं खरं आहे. आत एक छोटा संगणक असतो आणि तो मुद्रित तुकडे वाजवतो. खुंट्या असतात, पण त्यांना हात लावायची कोणाला गरज पडत नाही.

यात काय गमावलं हे समजून घ्यायला परदेशी वाद्याची गरज नाही, बीड जिल्ह्यातलाच पखवाज पुरे. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर यांनी पखवाजासाठी पद्मश्री मिळवली. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. ती किती सैल भिजवायची, किती जाड थापायची, मधोमध किती आणि कडेला किती, यावर खर्जाचा घुमारा ठरतो. लावली की वाजवून पाहायचं, चिमूटभर काढायची किंवा वाढवायची, पुन्हा वाजवून पाहायचं. उकाड्यात कणीक सुकू लागली की नाद चढतो, मग पाण्याचा हात फिरवायचा. कार्यक्रम संपला की ती खरवडून टाकायची आणि पुढच्या वेळी शून्यापासून सुरुवात. वादकाचा निम्मा कान या कामात तयार होतो. पखवाजाचा टोन दाबून वाजवणाऱ्या पोराला बोल येतील, लयही येईल; पण नाद कशाने खुलतो आणि कशाने बसतो हे त्याला कधी कळणार नाही, कारण तो निर्णय कुणीतरी दूरच्या स्टुडिओत त्याच्या वतीने घेऊन टाकलेला आहे.

सॉफ्टवेअर सिंथेसायझर हा निर्णय पुन्हा वादकाच्या हाती देतो. मुद्रित तुकडे वाजवणारी सॉफ्टवेअरही भरपूर आहेत, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. ॲनालॉग मंडलाचं गणित मांडून, दर सेकंदाला ४८,००० वेळा ते सोडवून, नाद जागच्या जागी निर्माण करणाऱ्या प्रकाराबद्दल बोलतो आहे. सर्ज नावाचा असा सिंथेसायझर आधी विकत मिळे. २०१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला, आणि आता स्वयंसेवक त्याची देखभाल करतात. त्यात स्वरांची जुळणी बदलण्यासाठी एक साधी मजकुराची फाइल भरता येते: एकेका ओळीवर एकेका स्वराचं प्रमाण लिहायचं, गंधारासाठी ५/४, पंचमासाठी ३/२. भूपाचा गंधार आणि मारव्याचा रिषभ आपल्या कानाला हवा तसा लावून घ्यायला इतकंच पुरतं. ज्या गोष्टीसाठी पेटीवर तीस वर्षं बहिष्कार होता, ती इथे फाइलमध्ये चार आकडे बदलण्याइतकी सोपी झाली आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो आवाजाचाच. ॲनालॉगची ऊब सॉफ्टवेअरला नाही, असं म्हणतात. सुरुवातीच्या काळात हा आक्षेप रास्त होता, आणि त्याचं कारण गूढ नव्हतं. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत खूप उंच आवर्तनं असतात. ती संगणकाच्या मर्यादेबाहेर गेली की परत खाली दुमडतात आणि सुरात नसलेली खरखर मिसळतात. ते टाळण्याच्या रीती १९९६ पासून मांडल्या जाऊ लागल्या. फिल्टरचंही तसंच. मूगच्या शिडीतले ट्रान्झिस्टर जोर वाढला की सरळ रेषेत वागत नाहीत, किंचित चेपतात, आणि लोक ज्याला ऊब म्हणतात तिचा मोठा भाग त्या चेपण्यात आहे. फिनलंडच्या आंटी हुओविलाइनेन यांनी २००४ मध्ये ते वागणं गणितात उतरवलं, आणि पुढच्या दशकभरात ही सुधारणा सर्वसामान्य सॉफ्टवेअरपर्यंत पोचली. फरक अजूनही उरला असेल. शांत खोलीत, उत्तम स्पीकरवर, एकेक स्वर सुटा ऐकणाऱ्याला तो जाणवू शकतो. पण ढोलकी, कोरस आणि मांडवाचा गलका यांत तो टिकत नाही, आणि ध्वनिमुद्रणातही बहुधा टिकत नाही.

शिवाय ॲनालॉगची सारीच वैशिष्ट्यं गुण म्हणून मिरवावीत अशी नाहीत. ट्रान्झिस्टरचं वागणं तापमानावर हलतं, अंशामागे सुमारे ०.३३ टक्के. भरपाई केली नाही तर दहा अंशांच्या फरकाने तीन सप्तकांवरचा स्वर एका अर्धस्वराहून अधिक सरकतो. उत्पादकांनी भरपाईचे घटक बसवले, तरी जुनी वाद्यं तापल्याशिवाय स्थिर होत नसत. बीडमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा उन्हात मांडवात ठेवलेल्या मिनीमूगला कार्यक्रमभर सुरात धरून ठेवणं ही शिक्षा होईल. त्यात वाळलेले कपॅसिटर, बंद झालेल्या चिप आणि दुरुस्तीला माणूस नाही. आज जुना ज्युपिटर ८ घ्यायचा तर दहा लाखांच्या पुढे मोजावे लागतात. मिनीमूगच्या स्वस्त नव्या नकला आता मिळतात हे खरं, आणि ज्याला परवडेल त्याने जरूर घ्याव्यात. पण त्यातून एका वेळी एकच स्वर निघतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. वाद्य हाताने शिकायचं असतं, माउसने नाही. मिनीमूगच्या पाटीवर प्रत्येक कामाला स्वतंत्र खुंटी आहे. डोळे मिटून हात पोचतो. पडद्यावर तसं होत नाही, आणि हा सॉफ्टवेअरचा खरा दोष आहे. त्यावर उपाय म्हणजे खुंट्यांचा एखादा साधा कंट्रोलर जोडणं. फिल्टर, त्याची धार आणि आवाजाची चढउतार एवढ्या गोष्टी खुंट्यांवर आणल्या तरी शिकणं बदलून जातं. बटण दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ही तक्रार मात्र आता तपासून घ्यायला हवी. नीट जुळवलेल्या संगणकात, सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने, १२८ नमुन्यांचा साठा म्हणजे २.७ मिलिसेकंद; इतर टप्पे धरून हे दुप्पट-तिप्पट झालं, तरी तीन मीटरवर बसलेल्या ढोलकीवाल्याची थाप कानापर्यंत यायलाच नऊ मिलिसेकंद लागतात.

तिसरा आक्षेप ऑर्केस्ट्रावाल्यांचा, आणि तो पोटाचा आहे. लोकांना ओळखीचा टोन लागतो. घडवलेला नाद घेऊन गेलं तर पुढची सुपारी मिळणार नाही. चरणजित सिंगांची तबकडी खपली नाही, हे ते दाखवून देऊ शकतात. हलगीचा, संबळाचा कडकडाट ऑसिलेटरमधून हुबेहूब निघत नाही, हेही मान्य. तिथे खरी हलगी आणि तिचा वादकच हवा, आणि टोनमुळे त्याची बिदागी बुडते ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. पण याच आक्षेपाला ‘नागिन’ हे उत्तर आहे. ती बीन १९५४ मध्ये कोणाच्याही ओळखीची नव्हती. क्लाव्हिओलिनच्या अनोळखी नादातून कल्याणजींनी ती घडवली, लोकांनी उचलली, आणि मग ती इतकी ओळखीची झाली की आज तिचा टोन विकला जातो. साठवायला आधी कोणीतरी घडवावं लागतं. आपल्या भागातून ते घडवणारे कान निघाले नाहीत, तर पुढची सत्तर वर्षंही दुसऱ्यांनी साठवलेलंच आपण वाजवत राहू.

म्हणून बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी इथल्या संगीत विद्यालयांना आणि महाविद्यालयांना एक विनंती. प्रयोगशाळेतल्या एखाद्या जुन्या संगणकावर सर्ज किंवा व्हीसीव्ही रॅक हा दुसरा सॉफ्टवेअर सिंथेसायझर उतरवून घ्या. दोन्ही फुकट आहेत. पहिले काही महिने विद्यार्थ्यांना तयार टोनच्या यादीला हात लावू देऊ नका. कोरा नाद उघडायचा, एक ऑसिलेटर, एक फिल्टर, आणि तानपुऱ्याशी मिळता षड्ज घडवायला सांगायचं. शेजारी पखवाजाचा वर्ग चालू असेल तर त्या मुलांना कणीक लावतानाही नेऊन बसवा.